कापसाच्या ढिगातली डबी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — सख्ख्या बहिणीलाही नाही. ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं, पण शेवटपर्यंत टिकत नाही.

कापसाला भाव नव्हता, ती वर्षं. आमच्या मारेगावकडे भाव चढेल या आशेनं घरोघरी कापूस पडून होता. आमच्या बैठकीत तर ढीग छताला टेकलेला. पाहुणे दारातूनच चहा पिऊन परतायचे. त्यातच यांच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कॅन्सर नाही, पण पुढं होऊ शकतो. खर्रा-तंबाखू आजच सोडा, ताज्या भाज्या-फळं खा, रोज चाला.

यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, मीही माझी तंबाखू सोडते — सोबतीनं जमेल. देवापुढे हात जोडून दोघांनी तंबाखूवर पाणी सोडलं.

यांनी खरंच सोडली हो! तल्लफ आली की गाजर चावत गावभर फिरायचे. पानठेल्यासमोर उभं राहून अंबाडीच्या भाजीचं गुणगान करायचे. पानठेलेवाला कावला, पण यांचं पाहून शेजारच्या दोघा-तिघांनीही खर्रा सोडला.

आणि मी? मी — कसं सांगू? — चिमूटभर चालूच ठेवली होती. डबी लपवायची कापसाच्या ढिगात. केवढी अक्कल! एक दिवस ती आत घसरली, ती काही केल्या सापडेचना.

शेवटी कापूस विकायला निघाला. गाडी भरताना डबी खणकन अंगणात पडली. अख्खा शेजार मदतीला जमलेला. एकच हशा उसळला.

"काय गा भाऊ, गाजरात तंबाखू भरून खात होता काय?"

हे शपथा घेत राहिले. कोण ऐकतो? मी नुसती गप्प राहिले असते तरी — पण नाही. पदर खोचला आणि चारचौघांत यांनाच झाडलं. "जराशी तरी शरम ठेवा! तोंडातला चट्टा भुलले काय?" इतक्या तावातावानं, की क्षणभर मलाच खरं वाटलं.

संध्याकाळी यांचं पाहून खर्रा सोडलेले ते शेजारी पुन्हा पानठेल्यावर उभे दिसले. हे जेवले नाहीत. गालात जीभ फिरवत बराच वेळ बसले. मग हळूच म्हणाले, "मीच ठेवून भुललो असन काय वं? मले तं कायी याद नाही."

डबी माझी होती. आणि मी म्हणाले, "असन."