एकशे एकाचे अकरा

काळुरामभाऊ,

हे पत्र करिश्मा तुम्हाला वाचून दाखवेल. मध्येच "बाई काय पण लिहितात" म्हणून तिला थांबवू नका. तुमच्या या नातीचे अकाउंट्स मी दोन वर्षं घोटून घेतलेत, तिला वाक्य पुरं करायची सवय आहे.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या वर्तकनगरच्या घरी आलात ते ओरडतच. हातात कंपनीची नोटीस. "बाई, लुटला मना! पाच हजार शेअर हायेत, त्यांचे पाचशे करतात!"

"दहा-दहाची दहा नाणी देऊन शंभराची नोट घेतलीत, तर लुटलं का तुम्हाला?"

"पन नोट एकच ना!"

बाळकुमचा माणूस. जमीन गुंठ्यात मोजलेली. दहा गुंठ्यांचा एक गुंठा झालेला कुणी सहन करेल? मी समजावलं, की दहा शेअरचा एक होईल, अठराचा भाव एकशेऐंशीच्या आसपास जाईल, म्हणजे तुमचं आहे तेवढंच राहील. अठरा रुपयांचा शेअर पाहून मोठे लोक नाक मुरडतात, म्हणून कंपनीनं हा नट्टापट्टा केलाय. त्यानं धंदा वाढत नाही.

"धंदा तर वाढतोच हाय," तुम्ही एकदम शांतपणे म्हणालात. एकेकाळी तुम्ही त्याच कंपनीच्या कारखान्यातले व्हॉल्व्ह टेम्पोतून पोचवायचात. आजही सकाळी समोरच्या टपरीवर बसून गेट बघता. "आधी दिवसाला चार टेम्पो निघायचे, आता अकरा. माझ्या भाताच्या शेतावर सत्तावीस मजले झाले, बाई. परतेक मजल्याला पानी लागतं, पान्याला व्हॉल्व्ह लागतो."

मी ताळेबंद घेऊन दोन तास बसले आणि शेवटी तिथंच पोचले. फक्त उधारी जरा जास्त होती, ती गेटवरून दिसत नाही, एवढंच माझं पांडित्य.

पण खरी भानगड तुम्ही जाता जाता सांगितलीत. मागच्या भाऊबीजेला पाच बहिणींना ओवाळणी म्हणून शेअर दिले होते. शकुनाचे, एकशे एक! जमीन बिल्डरला गेली तेव्हा पाचही जणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या, आणि ते तुम्हाला आत कुठेतरी टोचत होतं. आता एकशे एकाचे होणार दहा. वरचा एक कंपनी विकणार आणि अठरा रुपये खात्यात टाकणार. शकुनाचा एकच गळाला! टिटवाळ्याच्या थोरल्या सखुबाईंनी निरोप धाडला होता, "औंदा मी ओवालाया येनार नाय."

मी म्हटलं, "सोपं आहे. वरचा एक-एक शेअर बहिणींकडून परत घ्या, त्यांच्या हातावर रोख एकवीस रुपये ठेवा. फॉर्मवर त्यांच्या सह्या घ्या."

यापेक्षा मूर्ख सल्ला मी आयुष्यात दिलेला नाही. चौघींनी सह्या केल्या. सखुबाई मात्र दुसऱ्या दिवशी फॉर्मची सुरळी घेऊन थेट माझ्या दारात.

"ह्याला शिकवनारी तूच काय? एकदा सही केली, शेत गेला. आता शेअरपन?"

"अहो, एकच शेअर..."

"शेतपन एकच व्हता!"

मी करिश्माला सांगून तुम्हाला बोलावून घेतलं. 

तोडगा तुम्हीच काढलात, काळुरामभाऊ. कोपऱ्यात बसून बोटांवर मोजत होतात, मोजता मोजता हसलात. "बाई, मी परतेकीला आनखी नऊ दिले तर? एकशे धा. त्याचे होतील..."

"अकरा," सखुबाई म्हणाल्या.

"सही कुनाची लागंल?"

"देणाऱ्याची. घेणाऱ्याची नाही."

दहाचा एक व्हायच्या तारखेच्या चार दिवस आधी, चौघींचे फॉर्म फाडून, तुम्ही शेअर देण्याच्या पाच चिठ्ठ्यांवर सह्या केल्यात, पंचेचाळीस शेअर गेले. सखुबाई शेजारी बसून प्रत्येक सही निरखत होत्या, जणू परीक्षेचा पेपर तपासतायत. "आता ह्याला कलंल सही काय असते," एवढंच म्हणाल्या. भाऊबीजेला पहिलं ताट त्यांचंच होतं, आणि मलाही बोलावणं होतं. करंज्या झकास.

भाव? एकशेऐंशीचा एकशेसत्तर झाला, मग दोनशे चार. रोज फोन करू नका.

राहता राहिलं ते एकच काम. ताट ठेवता ठेवता सखुबाई म्हणाल्या होत्या, "आमचा कारखाना आमाला आतून दाखव." तुम्ही ते माझ्यावर ढकललंत. मी कंपनीला छान अर्ज लिहिला: पाच भागधारक भगिनी कारखाना पाहू इच्छितात. खाली पाच सह्यांच्या जागा सोडल्या. चार आल्या. पाचवीसाठी तुम्ही अर्ज घेऊन टिटवाळ्याला गेलात आणि तसाच परत आणलात.

"काय म्हणाल्या?"

"म्हनते, कारखाना माझा हाय, मंग परवानगीला सही कशाला?"

अर्ज अजून माझ्या खणात आहे.