आधी ‘न्हाई’ सांगणारे आबा

पाणाडी पाणी कुठे आहे ते सांगतो. आमचे आबा आधी कुठे नाही ते सांगायचे. तळहातावर नारळ आडवा धरून, अनवाणी, या बांधापासून त्या बांधापर्यंत चालत जायचे आणि जिथे पाणी नाही तिथे टाचेने मातीत फुली ओढायचे. विहिरीचा मालक मागे घायकुतीला आलेला असायचा. “आबा, हाय कुठं ते जल्दी सांगा की!” आबा शांतपणे पुढची फुली मारायचे. म्हणायचे, “हाय सांगायला नुस्तं तोंड लागतं. न्हाई सांगायला छाती लागते, बाबा.”

नात्याने ते आमचे कोणी नव्हते. मंठ्याजवळच्या आमच्या गावात शेजारच्या गल्लीत राहायचे, एवढंच. वडलांनी त्यांना आमच्या दोन एकरांत आणलं, तेव्हा मी आठवीतून शाळा सोडून घरी बसलो होतो. आबांनी सगळं रान चालून संपवलं. सगळीकडे फुल्या. नारळ वडलांच्या हातात परत देऊन म्हणाले, “कातळ हाय. इथं खांदू नका.” वडील वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. शेजारच्याने दुसरा पाणाडी आणून खोदलं आणि त्याला कातळच लागला. मग एक दिवस वडील स्वतःहून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. आबा एवढंच म्हणाले, “पोराला बाहेर धाडा. पानी जिथं असंल तिथं जावं लागतं मान्सानं.” कापसाच्या गाडीवरच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला त्यांनीच सांगितलं, आणि मी कोइमतूरच्या सूतगिरणीत लागलो. आज माझी दोन पोरं शाळेत जातात ती आबांच्या त्या ‘न्हाई’मुळे. हे मी त्यांना कधी तोंडाने सांगितलं नाही.

आबांची आणखी एक रीत होती. पाणाड्याने स्वतःच्या रानात पाणी बघायचं नाही. स्वतःच्या विहिरीला त्यांनी अंबडकडचा दुसरा पाणाडी आणला होता आणि तो बघत असताना स्वतः पाठ फिरवून बसले होते. “आपल्या रानात आपला हात खोटं बोलतो,” म्हणायचे.

तीच रीत त्यांनी दवाखान्यात चालवली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी सुटीवर आलो होतो, तेव्हाच त्यांना छातीचा त्रास झाला. मूलबाळ नाही, बायकोला, म्हणजे गोदाकाकूंना, गुडघ्यांमुळे चालवत नाही, म्हणून संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात मी गेलो. बायपास करायची ठरली. आधी हृदयाचा एमआरआय काढला. ऑपरेशननंतर हृदय किती सावरेल, त्याचा अंदाज त्यावरून येतो म्हणे. डॉक्टर मॅडमनी दोघांनाही आत बोलावलं. आबा बाकावरून हलेनात. “आपलं आपन बघू न्हाई. तू बघ आन मला सांग.”

मॅडमनी फिल्म उजेडावर लावली. गोल गोल कापांसारखी चित्रं. त्या बोट ठेवून सांगत होत्या, “काळं दिसतंय ते जिवंत. समोरची भिंत काळी आहे, फक्त रक्त कमी पडल्याने झोपलीय. बायपासनंतर ती जागी होईल. पण खालची भिंत बघा, पांढरी आहे. ती मेलीय. ती ऑपरेशनने परत येणार नाही. त्यांना बरं वाटेल, पण चढणं, खाली उतरणं, ओझं उचलणं कायमचं बंद. हे त्यांना नीट समजावून सांगा.”

मी हो म्हटलं. फिल्म पाकिटात घातली. पाकिटाला टेबलावरच्या बँडेजचा दोरा गुंडाळला आणि गिरणीत तुटलेला धागा जोडतात तशी बारीक गाठ मारली. बाहेर आलो.

“बोल,” आबा म्हणाले.

“काळं हाय, आबा, म्हंजी जित्तं. समोरची भिंत नुस्ती झोपलीय. आपरेशन झालं की जागी व्हती.”

“बराबर. आन न्हाई कुठं हाय?”

मला भीती वाटली की हा माणूस ‘न्हाई’ ऐकेल आणि रान सोडावं तसा उठून गावाकडे चालू लागेल. बायपास झाली की सांगू, असंही वाटलं. मी म्हटलं, “न्हाई कुठंच न्हाई.”

आबांनी हसून माझ्या पाठीवर थाप मारली. “कमाल हाय. असलं रान म्या जिंदगीत पाह्यलं न्हाई.”

ऑपरेशन चांगलं झालं. माझी सुटी संपली. तीन महिने जड उचलू नका, हे दवाखान्यात सगळ्यांनाच सांगतात, ते आबांनी पाळलं. कायमचं काय ते फक्त मला सांगितलं होतं. पुढच्या तपासणीत समोरची भिंत खरंच जागी झालेली दिसली. त्यांचा फोन आला, “लेका, तुझं बोलनं बराबर निघालं! तू पानाडीच व्हायचा व्हतास.” मी सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “आता मंग जातो कामाला.” मशिनच्या आवाजात मी “जपून, आबा” एवढंच म्हटलं. त्यानंतर चार-पाच फोन झाले. दर वेळी मी आधी पिकापाण्याचं विचारायचो आणि ते सांगणं राहून जायचं.

उन्हाळ्यात वडीगोद्रीकडे त्यांनी दाखवलेल्या विहिरीला पाणी लागलं. लागलेल्या पाण्याची पहिली ओंजळ आबा स्वतः तळाशी जाऊन डोळ्यांना लावायचे, ही त्यांची जुनी सवय. यारीच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या क्रेनच्या, डब्यात बसून खाली गेले. ओंजळ घेतली. तेवढ्यात लाईट गेली. लोक वरून ओरडले, “आबा, थांबा, येईल लाईट!” त्यांनी शिडी धरली. “अरे, माझं सगळं काळं हाय,” असं हसत म्हणाले म्हणे. कोणाला काही कळलं नाही. वर आले, कठड्याला टेकले आणि मग उठलेच नाहीत.

मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी. गोदाकाकूंनी मला जवळ बसवलं, चहा दिला. माझं तोंड धुवायला त्यांनीच पाणी आणून दिलं, हे मला अजून सोसत नाही. मी म्हटलं, “काकू, मला एक सांगायचंय.” त्या म्हणाल्या, “आधी हे घे. तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे म्हनले व्हते.” पेटीतून त्यांनी ते पाकीट काढलं.

“त्यांनी पाह्यलं का हे कधी?”

“छ्या. म्या म्हनलं एकदा, बघू तरी काय हाय. तर खेकसले माझ्यावर. बघनारानं बघितलंय म्हनले.”

मी पाकीट उलटून पाहिलं. दोरा तसाच होता. गाठही माझीच होती.