बदली झाली की ठीक होईल

दादाने माझं मनगट मोडलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. कारण विचाराल तर रेडिओ. त्याने बंद कर म्हणून सांगितलं आणि मी मुद्दाम आवाज वाढवला. त्याने माझा हात धरून दाराच्या चौकटीवर आपटला, आणि हाड वाजेपर्यंत आपटत राहिला. प्लास्टर घालून घरी येताना आईने मला रिक्षातच पढवलं की सायकलवरून पडले म्हणून सांगायचं. चंडीगडातल्या मराठी मंडळींत आम्ही तसंच सांगितलं. एका काकूंनी मुलींनी सायकल का चालवू नये यावर व्याख्यान दिलं. मी मान डोलावत बसले.

आम्ही सोलापूरचे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, सत्तरच्या दशकात इकडे बदलून आले. लाल विटांचं क्वार्टर, मागे अंगण. आजूबाजूला सगळे आमच्यासारखेच, पुढच्या बदलीकडे डोळे लावून बसलेले. अंगणात कुणी लिंबाचं रोपसुद्धा लावत नसे, कारण फळ धरेपर्यंत घर दुसऱ्याचं झालेलं असणार. माणसं राहायची इथे आणि जगायची पुढच्या गावात. मला तेव्हाही याची चीड यायची, आजही येते.

दादा सतरा वर्षांचा होता. सोलापुरात गल्लीभर मित्र, कबड्डीचा संघ, घरात पाय टिकायचा नाही. इथे कॉलेजात त्याच्या हिंदीला मुलं हसायची. पहिल्या हिवाळ्यात तो घरात बसायला लागला, आणि आम्हाला, खरं सांगते, आनंद झाला. उंडारणं थांबलं, आता अभ्यासाला लागेल, असं बाबा सगळ्यांना सांगत सुटले. तो अभ्यास करत नव्हता. रजाई डोक्यावरून ओढून पडून असायचा. आंघोळ नाही. आईने गावाहून ज्वारी मागवून भाकरी थापली, तर त्याने तिचा एक तुकडा मोडून ताट सरकवलं. आई म्हणाली, इथलं पाणी बाधलं. बाबा म्हणाले, बदली झाली की ठीक होईल.

मग हात उठायला लागला. कॉलेजच्या सायकल स्टँडवर त्याने एका मुलाचं तोंड हँडलवर दाबून धरलं. मुलाचे पुढचे दात गेले. बाबा त्या घरी जाऊन हात जोडून आले आणि आल्या आल्या कमरेचा पट्टा काढला. दादा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पट्ट्याचं बक्कल त्याच्या कानाला लागून रक्त गळ्यावर आलं, तरी तो हूं की चूं करेना. बाबाच दमले. पुढच्या खेपेला मात्र त्याने पट्टा हवेतच पकडला, बाबांच्या हातातून हिसकला आणि कूलरची जाळी त्या पट्ट्याने फोडून काढली. त्या दिवसापासून बाबांनी पट्टा कपाटात ठेवला आणि आईने विळी. भाजी चिरायची झाली की ती मागचं दार लावून घ्यायची. आपलाच मुलगा आपल्याला मारून टाकेल ही भीती आमच्या घरात मिठासारखी रोज वापरात होती. तिचा उच्चार मात्र कुणी करायचा नाही. चार लोकांत तोंड दाखवायचं होतं ना!

बाबांनी बदलीसाठी अर्जांवर अर्ज केले, साहेबांच्या घरी खेटे घातले. शेवटी मे महिन्यात पुण्याची ऑर्डर आली. बाबांनी पेढे वाटले. आईने देवापुढे साखर ठेवली. दादा बाजेवर पडून छताकडे बघत होता. त्याला पेढा दिला तर त्याने तो उशाशी ठेवला. त्याला मुंग्या लागल्या.

सामान बांधायचा दिवस. ट्रंका भरल्या होत्या, गोणपाटात गाद्या शिवून झाल्या होत्या, बाबा खोक्यांना खिळे ठोकत होते. चंडीमंदिरच्या छावणीतले एक मराठी डॉक्टर, फौजेत मेजर, बायकोबरोबर निरोप द्यायला आले होते. त्यांनी आमच्यासाठी जेवणाचा डबा आणला होता. बाबा खुशीत होते. खोकं धरायला दादाला बोलावत ते म्हणाले, आता पुण्याला जाऊन माणसासारखा वाग.

दादाने बाबांच्या तोंडावर ठोसा मारला. बाबा ट्रंकेवर पडले. तो त्यांच्यावर बसून मारत राहिला, तोंडावर, छातीवर, जिथे लागेल तिथे. आई त्याचे केस ओढत होती, मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते आणि रडत होते. डॉक्टरांनी मागून त्याला काखेत धरून उचललं आणि जमिनीवर पालथा दाबला. कितीतरी वेळ तो लाथा झाडत होता. मग एकाएकी त्याचं अंग सैल पडलं.

डॉक्टर उठले नाहीत. तिथेच फरशीवर मांडी घालून, त्याचं मनगट धरून, ते हळू आवाजात त्याला विचारायला लागले. झोप लागते का? पहाटे जाग येते का? शेवटचं चवीने कधी जेवलास? कॉलेजात हसू नयेत म्हणून की काय, दादा एरवी घरातही हिंदीतून तुटक उत्तरं द्यायचा. त्या दिवशी तो मराठीत बोलला. झोप नाही, पहाटेच जाग येते, चवीने कधी जेवलो ते आठवत नाही. हे प्रश्न इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणी विचारले नव्हते. आम्ही त्याला फक्त 'का मारलंस?' एवढंच विचारत आलो होतो.

"मरावंसं वाटतं का रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज." तो म्हणाला, "पुण्याला मी येणारच नव्हतो."

आईने त्याच्या थोबाडीत मारली. आमच्यावर कधी हात न उगारलेल्या माझ्या आईने. त्याचा हात वर आला आणि आम्ही सगळे आखडलो. त्याने तिचा हात धरला, स्वतःच्या गालावर दाबून ठेवला आणि ढसाढसा रडायला लागला. इतका मोठा मुलगा इतक्या मोठ्याने रडताना मी पाहिला नव्हता. मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याचा रागही आला, कारण माझं मनगट अजून नीट वळत नव्हतं. दोन्ही खरं होतं.

आईने रडत रडत विळी लपवल्याचंही सांगून टाकलं. डॉक्टर बाबांना म्हणाले, मुलगा वाईट नाही, आजारी आहे. दुःखाने प्रत्येकजण रडतोच असं नाही. फौजेत नवी पोरं येतात, त्यांतही असे बघितलेत, घर आठवतं आणि बराकीतल्या सोबत्याचं डोकं फोडतात. विळी लपवलीत ते बरंच केलंत, पण ती तुमच्या जिवासाठी नाही, याच्या जिवासाठी लपवा. आणि याला उपचार देणारं मोठं हॉस्पिटल याच शहरात आहे, पार काश्मीरहून लोक येतात, तुम्ही याला घेऊन चाललात कुठे?

बाबांच्या ओठातून रक्त येत होतं. त्यांनी ते पुसलं आणि हातोडी उचलून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात जाऊन बदली रद्द करून मागितली. लोकांनी वेड्यात काढलं.

दादा वॉर्डात राहिला. गोळ्यांनी तोंड सुजायचं, बोटं थरथरायची. घरी आल्यावरही त्याने एकदा आमटीचं पातेलं भिंतीवर मारलं. पण तो जगला. चिडका आहे, जगतोय, मला पुरे आहे.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर कुणीतरी आईला विचारलंच, पुण्याची बदली कुणी सोडतं का? आईने प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा मुलगा मनाने आजारी आहे. त्याचे उपचार चालू आहेत." बायका एकदम दुर्वा-फुलं आवरायला लागल्या. एरवी तिघी-चौघींच्या घोळक्यातून यायचो, त्या रात्री मी आणि आई दोघीच घरी आलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. बाबांच्याच ऑफिसातल्या एकांची बायको होती, कधी आमच्याकडे न येणारी. ती ओट्याशी उभी राहून बोटाला पदर गुंडाळत राहिली. आईने तिला विचारलं, तुमचा मुलगाही मारतो का?

"नाही हो," ती म्हणाली, "कुणाला काही करत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो नुसता. आता झोपलाय म्हणून आले."

"घरी कोण आहे त्याच्याजवळ?"

"कुणी नाही."

आईने गॅस बंद केला, पायात मिळेल ती चप्पल सरकवली आणि त्या बाईचा हात धरून धावत सुटली.