वेंगो म्हणजे येते

इटालियन शिकताना भाषा किती येते कोण जाणे, किस्से मात्र रद्दीसारखे साठतात. ऐकायला कुणी उरलं नाही, की ते जड व्हायला लागतात. म्हणून सांगून टाकते.

आम्ही चौघं होतो. मी, केदार, नाझिया आणि प्रथमेश म्हात्रे. वाशीच्या क्लासमध्ये पहिली पातळी संपली. पुढच्या बॅचला आम्ही चारच उरलो, तर क्लासच बंद! मी म्हटलं, "बंद म्हणजे काय? आपलं आपण शिकू!" इंटरनेटवर इंटरमिजिएट लोकांसाठी व्हिडिओ होते. एक दाढीवाला माइक घेऊन बाजारात, बारमध्ये, बसस्टॉपवर फिरायचा आणि भेटेल त्याला काहीबाही विचारायचा. दर शनिवारी रोडपालीला प्रथमेशच्या घरी आम्ही ते बघत बसायचो, कारण नेट त्याचंच फास्ट. माझं स्वप्न एवढंच होतं, की एक दिवस पनवेलमध्ये बसून कुणाशी तरी तासभर इटालियनमध्ये गप्पा माराव्यात. व्हिसासाठी नाही, नोकरीसाठी नाही. गप्पांसाठी!

* * *

दाढीवाल्याने सांगितलं, की इटालियन माणूस दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना "पेर्मेस्सो" म्हणतो. म्हणजे, येऊ का आत? पुढच्या शनिवारी केदार म्हात्र्यांच्या दारात उभा राहून झोकात म्हणाला, "पेर्मेस्सो!"

प्रथमेशची आई कोळंबी सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "परमेसर? देव आतल्या खोलीत हाय. चपला काढून जा!"

* * *

त्याच काकू. निघताना नाझिया म्हणाली, "चला काकू, जाते."

"जाते नाय बोलाचा गो पोरी! येते बोलाचा!"

"पण काकू, मी तर जातेय ना!"

"मंग जा. पन बोल येते!"

तेव्हापासून आम्ही सगळेच त्या घरातून "येते", "येतो" म्हणत निघायचो.

* * *

मग हातवारे आले. पाची बोटं वर जुळवून मनगट हलवायचं, म्हणजे "काय हवंय काय तुला?" केदारला हे भयंकर आवडलं. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने दुप्पट भाडं सांगितल्यावर त्याने बोटं जुळवून त्याच्या नाकासमोर जोरजोरात हलवली.

रिक्षावाला एकदम हळवा झाला. "भूक लागली काय, साहेब? बसा, पुढे वडापाववाला आहे. तिथे थांबवतो."

* * *

इटालियन माणसाला एखादी गोष्ट माहीत नसली, की तो खांदे उडवून फक्त "बो!" म्हणतो. नाझियाला त्याची सवयच लागली. इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" ही खांदे उडवून म्हणाली, "बो!"

"खुदा कसम, तोंडातून निघून गेलं यार!" ती आम्हाला सांगत होती. साहेब म्हणे खूप हसले. "पहिल्यांदाच कुणी खरं बोललं," म्हणाले आणि नोकरी दिली. बेंगळुरूला!

स्टेशनवर मी रागाने विचारलं, "आणि आपल्या शनिवारचं काय?"

ती म्हणाली, "बो."

* * *

केदारला द्रोणागिरीच्या गोदामात शिफ्टची नोकरी लागली, त्याचे शनिवार गेले. प्रथमेशने जर्मनचा क्लास लावला. मी भांडले, तर म्हणतो, "जर्मनीत जॉब आहेत. इटलीत काय आहे? पास्ता?"

त्याच्याबरोबर त्याचं फास्ट नेटही गेलं. मी नवीन पनवेलच्या आमच्या घरात, अडखळत चालणारे व्हिडिओ एकटीच बघायला लागले. दाढीवाला शेवटी कॅमेऱ्यात बघून विचारायचा, "ए तू?" आणि तू? मग उत्तरासाठी थोडा थांबायचा. मी व्हिडिओ बंद करायचे. पाठ करून बोलायचं तरी कुणाशी?

एकदा बाबा स्वयंपाकघरातून ओरडले, "अगं, दर आठवड्याला विचारतोय बिचारा. एकदा सांगून टाक की त्याला!"

* * *

शेवटी भाषांची अदलाबदल करायच्या एका साइटवर मला आदा भेटली. सत्तरीची, दक्षिण इटलीतल्या एका खेड्यातली निवृत्त शिक्षिका. मुलगा परदेशात. बदल्यात तुम्हाला कुठली भाषा हवी, विचारलं, तर म्हणाली, "कुठलीच नको. तू बोल." दर शनिवारी व्हिडिओ कॉल. तिच्यामागे टेबलावर नेहमी दोन कप दिसायचे. मला वाटायचं, ही माणसं कॉफी फार पितात.

कॉल संपवताना मी म्हणायचे, "आल्लोरा, वेंगो!" चला, येते. म्हात्रेकाकूंचे संस्कार! त्यावर आदा विचारायची, "क्वांदो?" कधी? मी सांगायचे, "साबातो!" शनिवारी! ती हसून मान डोलवायची.

बऱ्याच महिन्यांनी दाढीवाल्याने येणं आणि जाणं यातला फरक समजावला. "वेंगो" म्हणजे मी तुझ्याकडे येतेय. खरोखरची, तुझ्या दारात! निरोप घेताना म्हणायचं "वादो", जाते. इतके दिवस मी त्या बाईला दर आठवड्याला सांगत होते, की शनिवारी तुझ्या घरी येते!

पुढच्या शनिवारी गप्पा संपल्यावर मी अगदी व्याकरणशुद्ध म्हटलं, "आल्लोरा, वादो." मला वाटलं, शाबासकी मिळेल. शिक्षिकाच ना ती!

आदाने मागे वळून टेबलावरच्या दोन कपांकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "नोन व्येनी प्यू?"

आता येणार नाहीस?