डावा हात आधी

कार्डाचा कोपरा फाडलेला होता. आमच्याकडे अशा कार्डाचा अर्थ वाचण्याआधीच कळतो. पोस्टमननेही ते नेहमीसारखं दारातून आत टाकलं नाही, माझ्या हातात दिलं आणि क्षणभर उभा राहिला. जबलपूरहून यमुनाताईने लिहिलं होतं, ‘बाबा मंगळवारी सकाळी गेले. तुमची आठवण नेहमी काढत.’ मी शाळेत जायला निघालो होतो. तसाच आत गेलो आणि कार्ड सुमतीपुढे, माझ्या पत्नीपुढे, धरलं. तिने कोपरा पाहिला, पण अक्षरं वाचली नाहीत. “काका?” एवढंच तिने विचारलं. मी मान हलवली. अंगणात आमची चार वर्षांची शकू चिंचोके मांडून बसली होती. सुमती तिच्याकडे बघत राहिली… बराच वेळ.

गणपतकाका आमचे कोणी नातेवाईक नव्हते. जबलपूरच्या घमापुरात आम्ही भाड्याने राहत होतो ते घर त्यांचं. खाली ते राहत, वरच्या दोन खोल्या आमच्याकडे. त्यांचे आजोबा वऱ्हाडातून फौजेबरोबर तंबू शिवायला आले आणि तिथेच राहिले. तीन पिढ्यांत त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी मिसळली, पण हातातला दाभण तोच राहिला. युद्धाचे दिवस होते. छावण्यांना तंबू पुरत नव्हते. खालच्या ओसरीवर जाड्याभरड्या कापडाचे डोंगर पडलेले असत आणि त्यांच्या मधोमध काका मांडी घालून शिवत बसलेले असत. मी वारासिवनीच्या एका विणकराचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. जबलपूरला येऊन बी. ए. झालो, शाळेत मास्तर झालो, आणि आपल्याला आता पुष्कळ कळतं असं मला मनापासून वाटू लागलं. काकांना ते पहिल्याच महिन्यात दिसलं असावं. पण त्यांनी कधी त्यावर बोट ठेवलं नाही. फक्त “मास्तर” म्हणताना त्यांच्या आवाजात थोडं हसू असायचं.

शकूचा जन्म वारासिवनीला, माझ्या आईजवळ झाला. आईने नातीला पहिल्या दिवसापासून आपल्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात बांधलं. हात अंगाशी सरळ, पाय जुळवून, वरून दुपट्याचं टोक खोचलेलं, मध्ये फक्त चेहरा. आमच्याकडे सगळी मुलं अशीच वाढली. बांधलं की मूल दचकत नाही, शांत झोपतं. तिसऱ्या महिन्यात सुमती तिला घेऊन जबलपूरला आली तेव्हा शकूला झोप म्हटलं की दुपटं आणि दुपटं म्हटलं की झोप, हे पक्कं ठरलेलं होतं. आईला हातमाग आणि घर सोडून येणं शक्य नव्हतं, सुमतीची आई लहानपणीच गेलेली. घरात विचारायला वडीलधारं बाईमाणूस नाही. सुमती एकटीच सगळं करी आणि बांधलेली शकू झोपली की त्या दीड-दोन तासांत घर आवरी.

फाल्गुनातली एक रविवारची दुपार. सुमती खाली नळावर गेली होती. शकू गोधडीवर झोपली होती आणि तिच्याकडे पाठ करून मी मुलांचे निबंध तपासत होतो. काका जिना चढून आले. तंबूंचं काम देणाऱ्या कारखान्याकडून आलेला एक इंग्रजी कागद त्यांना वाचून हवा होता. दारातच त्यांच्या हातून तो कागद गळाला. मी वळून पाहीपर्यंत ते माझ्यापुढून गेले होते. शकू कशी कोण जाणे, कुशीवरून पालथी झाली होती. तोंड गोधडीत. हात बांधलेले, त्यामुळे मान उचलून वळवायला आधार नाही. आवाजही नाही. काकांनी तिला उताणं केलं, खोचलेलं टोक ओढून काढलं. तिचा चेहरा लालजांभळा झाला होता. मग तिने एक लांब श्वास घेतला आणि अशी रडली की सुमती कळशी टाकून धावत आली.

“मास्तर,” काका म्हणाले, “लेक पालथी पडून राहिली अन् तुम्ही निबंध तपासून राहिले?”

मी तीन पावलांवर होतो. आजही ती तीन पावलं मला मोजता येतात.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की आजपासून बांधणं बंद. शिकलेला माणूस अडला की पुस्तक उघडतो. माझ्याकडे जुन्या बाजारातून घेतलेलं बालसंगोपनाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. मूल उलटायला लागलं की त्याला बांधू नये असं त्यात लिहिलं होतं, आणि ते बरोबरच होतं. कसं सोडवावं हे मात्र लिहिलेलं नव्हतं, किंवा मी वाचलं नव्हतं. मी सगळी दुपटी पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं. शकूला मोकळं निजवलं की दहा मिनिटांत तिचे दोन्ही हात एकदम हवेत उडत, ती दचकून जागी होई आणि रडे. पुन्हा निजवावं, पुन्हा तेच. दिवस नाही, रात्र नाही. तिसऱ्या दिवशी सुमतीला ताप आला. चौथ्या दिवशी दूध कमी झालं. “पेटीची किल्ली द्या,” ती म्हणाली. मी पुस्तक पुढे केलं. ती म्हणाली, “पुस्तकाला दूध पाजावं लागत नाही.” मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. बांधलं तर पोर गुदमरेल, सोडलं तर आई अंथरूण धरेल. दोन्हींच्या मध्ये मी किल्ली मुठीत धरून उभा होतो.

आमचा आवाज खाली गेला असणार. काका आले, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. घरात सून असली की सासरा जसा उंबऱ्याबाहेर बसतो तसे.

“काहून भांडून राहिले?”

सुमतीने रडत रडत सगळं सांगितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. “सारंच एकदम सोडलं?”

“हो.”

“अच्छा! मास्तर, तुम्ही तंबू उतरवताना पाहिला काय कधी? साऱ्या दोऱ्या एका दमात सोडल्या तर तंबू माणसाच्या डोक्यावर येते. एक दोरी सोडायची, थांबायचं. तंबू सावरते. मग दुसरी. बी. ए. मध्ये हे नव्हतं काय?” मग सुमतीकडे वळून म्हणाले, “पोरी, रडू नको. मी यमुनेले असंच सोडवलं. तिची माय मानमोडीत गेली तेव्हा यमुना दोन महिन्यांची होती. मलेच करा लागलं सारं. होते बरोबर.”

यमुना म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, नरसिंहपूरला दिलेली. मानमोडीच्या, म्हणजे अठरा सालच्या तापाच्या, साथीत बायको गेल्यावर काकांनी पुन्हा लग्न केलं नाही, एवढं आम्हाला ठाऊक होतं. एका पुरुषाने तान्ही मुलगी एकट्याने वाढवली, तेव्हा त्याला हे येत असणारच. आम्ही विश्वास ठेवला.

त्यांची रीत अशी होती. पहिले काही दिवस एकच हात बाहेर, बाकी दुपटं तसंच. मग दोन्ही हात बाहेर, दुपटं काखेखालून फक्त छातीभोवती. मग तेही सैल, आणि शेवटी काही नाही. पण उलटायला लागलेलं मूल आहे, म्हणून दुपट्यात असेपर्यंत तिला उताणंच निजवायचं आणि कोणीतरी तिच्याकडे तोंड करून बसायचं. “पाठ करून नाही,” ते म्हणाले. मी मान खाली घातली.

कोणता हात आधी, यावर मात्र घोटाळा झाला. काका म्हणाले, “डावा.” सुमतीचा ताप एकदम उतरल्यासारखा झाला. “डावा? कोणत्या चांगल्या कामात डावा हात पुढे करतात, काका? माझ्या लेकीचा आधी उजवाच बाहेर येईल.” आणि मी, पुस्तकं वाचणारा मी, तिच्याच बाजूने बोललो. पोरगी डावखुरी झाली तर शाळेत छड्या खाईल, हे मला मास्तर म्हणून माहीत होतं… त्या छड्या मारणाऱ्यांतला मीही एक होतो, हे काही मी बोललो नाही. काका हसले. “चलो, उजवा तर उजवा.”

दोन दिवस उजवा हात बाहेर होता. तो आपला उडे, तोंडावर आपटे, शकू रडे. तिसऱ्या दिवशी काकांनी सुमतीला जवळ बोलावलं. शकू जागी होती, मोकळी होती, गोधडीवर खेळत होती. “पाह्य,” ते म्हणाले. आम्ही बघत बसलो. शकूने हात झाडले, पाय झाडले, आणि मग डाव्या हाताची दोन बोटं तोंडात घालून ती शांत झाली. उजव्याचं तिला काही काम नव्हतं. “मी पहिल्या दिवसापासून हेच पाहून राहिलो. देवाले कोणता हात चालते ते तू पाह्य. पोरीले कोणता चालते ते ती सांगून राहिली.”

सुमतीने उजवा हात आत घेतला आणि डावा बाहेर काढला. त्या दुपारी शकू दचकली, हात उडाला. सुमती उठायला गेली तर काकांनी बोट वर केलं. “थांब. लगेच धावली तर तिले कसं कळंल, आपल्याले जमते म्हणून? तोंड उघडं आहे, श्वास चांगला आहे. थांब.” हात हवेत इकडेतिकडे फिरला, गालाला लागला, ओठांना सापडला. शकू तासभर झोपली. काका पायरीवरच बसून होते. खाली छावणीचे तंबू खोळंबले होते, मुकादम दोनदा हाक मारून गेला. “येतो रे भैया, इथं मोठं काम चालू आहे,” ते दबक्या आवाजात म्हणाले.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. दुसरा हात सोडला त्या दिवशी शकूने परत गोंधळ घातला, एक दिवस मागे जावं लागलं. पण काका रोज येत, सकाळी आणि दुपारी. वर येऊन आधी तिच्या नाकाखाली बोट धरत, मग बसत. मला तेव्हा वाटे, म्हातारा माणूस, मुलांचा लळा असेल. शेवटचं दुपटं निघालं तेव्हा शकू हातपाय पसरून, बेडकासारखी, गाढ झोपली होती. काका तिच्याकडे बघत उभे होते. “झाली मोकळी,” ते म्हणाले आणि डोळे पुसत खाली गेले. मला त्यांचं रडणं जरा जास्तच वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

दीड वर्षांनी माझी सिवनीला बदली झाली. काकांना पत्र वाचायला, लिहायला दुसरं कोणी मिळालं असावं, कारण त्यांची पत्रं आमच्याकडे येत राहिली. प्रत्येकात शकूच्या झोपेची चौकशी असे. मग पत्रं थांबली. अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची वाचा गेल्याचं कळलं तेव्हा परीक्षा चालू होत्या. ‘संपल्या की जाऊ’ असं मी म्हणालो… त्या संपायच्या आधी कार्ड आलं.

तेराव्याला आम्ही तिघंही गेलो. खालच्या खोलीत यमुनाताई बसली होती. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर तिला मूल झालं होतं, चार महिन्यांचा मुलगा. वडिलांच्या आजारात त्याला घेऊनच ती नरसिंहपूरहून आली होती. काकांची खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. खाली सतरंजीवर ते मूल झोपलं होतं, घट्ट बांधलेलं, मध्ये फक्त चेहरा.

सुमती त्याच्याकडे बघून म्हणाली, “ताई, उलटतो का हा?”

“कुशीवर होतो आता. काहून?”

“मग काकांनी तुम्हाला सोडवलं तसं याला सोडवायला घ्या ना.”

यमुनाताई गोंधळली. “मले? मले कुठं सोडवलं बाबांनी? मी तर वर्षाची होईपर्यंत बांधलेलीच होती. शिवायला दोन्ही हात लागतात ना. मले बांधून कापडात ठेवत अन् शिवत बसत. मी चालायले लागली ती अडीच वर्षांनी. आत्या सांगत होती, एकदा पालथी पडून निळी झाली होती म्हणून… बाबा कधी बोलले नाहीत त्यावर.”

सुमतीने माझ्याकडे पाहिलं. मला ते रोजचं नाकाखाली बोट धरणं आठवलं. ‘मी यमुनेले असंच सोडवलं.’ त्यांना काहीच येत नव्हतं. ते आमच्याबरोबर पहिल्यांदाच शिकत होते, आणि आम्ही घाबरू नये म्हणून येतं असं म्हणाले होते.

“शेवटी शेवटी,” यमुनाताई सांगत होती, “याले बाजूला निजवलं की बाबा चांगल्या हाताने याचं दुपटं ओढत. बोलता तर येत नव्हतं. मले वाटे, थंडी वाजून राहिली, पांघरूण मागतात. मी त्यांच्या अंगावर गोधडी टाकायची. ते गोधडी ढकलून देत अन् परत याचं दुपटं ओढत. मी चिडत होती हो त्यांच्यावर…”

मग सुमती पुढे सरकली. “कोणता हात तोंडात घालतो हा?”

“कसं कळंल? बांधलेलाच असते तो.”

“मग उठेपर्यंत थांबू,” सुमती म्हणाली.

मूल उठलं तेव्हा दोघींनी त्याला पूर्ण मोकळं करून सतरंजीवर ठेवलं. मी आणि शकूही वाकून बघत होतो. त्याने हातपाय झाडले, छताकडे पाहिलं, आणि उजवी मूठ तोंडात घातली. दुपारी यमुनाताईने त्याला दूध पाजलं, बांधलं, उजवा हात बाहेर ठेवला आणि उताणं निजवलं. थोड्या वेळाने तो दचकला. हात हवेत उडाला. यमुनाताई उठू लागली तशी सुमतीने तिचा हात धरला. आम्ही सगळे त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो. मूठ फिरली, कानाला लागली, परत फिरली. उभ्या खाटेपलीकडे ओसरीवर अर्धवट शिवलेला एक तंबू तसाच पडला होता. मूठ ओठांवर आली. यमुनाताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही.