उकडत नाही म्हणणारी बाई

माझा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. नोकरी होती तोवर ते ठीक होतं, सहाला हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत हजर व्हावं लागायचं. आता निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी डोळे साडेचारलाच उघडतात. मग मी पाणी भरते, केर काढते, ओटा घासते, कपडे धुऊन वाळत घालते. सहाला घरात करायला काही उरत नाही. तेव्हा घासलेला ओटा पुन्हा घासते, भांड्यांचा जरा आवाज होईल अशा बेतानं. या घरात कुणीतरी काम करतंय हे बाकीच्यांना कळायला नको?

"अगं, तुझी शिफ्ट सुटली," हे उशीत तोंड खुपसून म्हणतात. "घरी जा."

"घरीच आहे मी."

"तेच तर दुखणं आहे."

हे ट्रक चालवायचे. काम सुटल्या दिवसापासून आठला उठतात आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. मला वाटतं, पण त्याचा उपयोग होत नाही.

यंदाच्या उन्हाळ्याची मी फार वाट पाहिली होती. नातवंडांची सुट्टी आणि माझी रजा कधी जुळलीच नाही. दर उन्हाळ्यात ती विहीणबाईंकडे राहायची आणि माझ्याकडे एखादा रविवार यायची, पाहुण्यासारखी. यंदा मी लेकीला सांगून टाकलं, अख्खी सुट्टी माझ्याकडे.

"आई, तुझं घर तापतं गं," ती म्हणाली. "डोक्यावर गच्ची, खिडकी पश्चिमेला. तिकडे निदान एसी आहे."

"आम्हाला नाही लागत एसी. मला उन्हाळा कळतसुद्धा नाही."

हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले. लॉन्ड्रीत माझं काम मोठ्या रुळावर होतं. वाफेनं तापवलेला, माणसापेक्षा लांब रूळ. ओली चादर एका बाजूनं घालायची, दुसऱ्या बाजूनं ती कोरडी, कडक होऊन निघते. चादर तिरकी गेली की सुरकुती पडते आणि ती सुरकुती पेशंटच्या पाठीला टोचते. म्हणून तिरकी घालायची नाही. उन्हाळ्यात नव्या मुली भिंतीला टेकून हाय हाय करायच्या. मी घाम न पुसता चादरी घालत राहायची आणि म्हणायची, "उकडतंय? मला तर काही जाणवत नाही बाई." सगळ्या माझं फार कौतुक करायच्या. कौतुक करून झालं की एकेक जण पंख्याखालच्या घडीकामाला बदली मागून जायची. मी रुळावरच राहिले, कौतुकासकट.

मुलं आली. नात थोरली, तिसरीतली. नातू धाकटा, अजून शाळेत न जाणारा. लेकीनं निघताना अट घातली. धाकट्याला घामोळं फार उठतं. रविवारी येऊन बघीन, अंगावर घामोळं दिसलं तर दोघांना विहीणबाईंकडे पोचवीन. मग पुढची चर्चा नाही.

"घामोळं?" मी म्हटलं. "माझ्या घरात?"

पहिले दिवस बरे गेले. निदान माझे बरे गेले. मी सगळ्यांना कामं वाटून दिली. धाकट्यानं चपला ओळीत लावायच्या, थोरलीनं चमचे पुसायचे. तिनं पुसले. मी ते पुन्हा पुसले.

"आजी, मग मी कशाला पुसले?"

"सवय व्हावी म्हणून."

"कुणाला?"

पेपरामागून खोकल्यासारखा आवाज आला. हे पेपरामागे हसतात तेव्हा असाच आवाज येतो.

गुरुवारी दुपारी धाकट्याच्या मानेवर लाल पुरळ दिसलं. पंखा गरम हवा नुसती ढवळत होता. मी स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही. मला माझी विद्या आठवली. ओल्या चादरी! घरातल्या झाडून सगळ्या चादरी भिजवून पिळल्या. खिडक्यांवर, दारावर, खोलीत आडव्या दोरीवर टांगल्या. कोपऱ्याला कोपरा जुळवून, कुठे झोळ नाही.

"झकास," हे म्हणाले. "एक सुरकुती नाही."

सुरुवातीला खरंच गार वाटलं. मी कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघून घेतलं. पण आमच्या खोलीत वारा येतो तो खिडकीतूनच, आणि खिडकीवर मी चादर ताणून बसवली होती. ऊन कलून पश्चिमेला आलं, तसं चादरींमधलं पाणी हवेत उतरलं. आरसा धुरकटला. पेपर ओल्या फडक्यासारखा लोंबायला लागला. बिस्किटं मऊ पडली. तरी मी काय केलं? चादरी काढून पुन्हा भिजवल्या आणि पुन्हा टांगल्या. एखादी गोष्ट जमत नसली की मी तीच दुप्पट कष्टानं करते. मला दुसरा उपाय शिकवलेलाच नाही.

थोरली जमिनीवर पाय पसरून बसली होती. केस कपाळाला चिकटलेले.

"आजी, तू कामाला जायचीस तिथे असंच असायचं?"

मी चौफेर बघितलं. टांगलेल्या चादरी, वाफ, घामानं निथळणारी माणसं. फक्त रूळ तेवढा नव्हता.

"असंच," मी म्हटलं.

"मग तू तिथे थांबायचीस कशाला?"

"पगार मिळायचा."

"मग आम्हालाही दे."

संध्याकाळपर्यंत घामोळं धाकट्याच्या पाठभर पसरलं. गार पाण्याच्या फडक्यानं टिपलं, सैल सदरा घातला, शुक्रवार-शनिवार त्याला मोरीत बादलीजवळ खेळवलं. रविवारी लेक आली, तिनं सदरा वर केला, बघितलं आणि हळूच खाली केला. आरडाओरडा केला असता तर मी दोन शब्द बोलले तरी असते.

"यांची बॅग कुठे आहे?"

ती पलंगावर बसून मुलांचे कपडे भरायला लागली. घडी कसली, नुसते गोळे. माझ्याच्यानं बघवेना. मी तिच्या हातातून कपडे घेतले आणि एकेकाची कडक घडी घालून बॅगेत रचायला लागले. नातवंडांना घालवायच्या कामातही मला हलगर्जीपणा चालत नव्हता.

"आई, तुझ्यावर राग नाही गं," लेक म्हणाली. "तुला उकडतच नाही. मग यांना काय होतंय ते तुला कळणार तरी कसं?"

धाकटा माझ्या मांडीला टेकून उभा होता. "आजी, तू पण चल ना. तिकडच्या आजीकडे गार आहे."

मी हातातला सदरा खाली ठेवला.

"उकडतं," मी म्हटलं.

"काय?"

"मला उकडतं. दर उन्हाळ्यात उकडतं. लॉन्ड्रीत तर जीव जायचा माझा."

ह्यांचा पेपर खाली आला. "काय म्हणालीस?"

"ऐकलंत ना?"

"अगं बाई! दर उन्हाळ्यात मी कूलर घ्यायला दुकानात जाऊन, नुसता समोर उभा राहून परत यायचो. म्हटलं, ही वाफेत उभी राहून हूं की चूं करत नाही, आणि मी ट्रकवाला गडी, उकडतंय म्हणून सांगू कोणत्या तोंडानं?"

"म्हणजे? सांगायचं होतं की!"

"तू सांगायचं होतंस!"

लेक एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "थांबा. लहानपणी मी फरशीवर पाणी ओतून त्यात झोपायची. ते काय तुम्ही दोघं एकमेकांना लाजत होतात म्हणून?"

ह्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला.

"दोन दिवस ने त्यांना तिकडे," शेवटी मी म्हटलं. "पण मंगळवारी परत आण. आणि निम्मे कपडे इथेच राहू दे."

"कशासाठी?"

"मला रजा मागायची सवय नाही. दोन दिवसांची मागतेय तर दे."

तिनं बॅगेतला वरचा थर काढून पलंगावर ठेवला. मी घातलेली घडी जराही मोडली नाही, हे मी त्याही वेळी बघितलं.

माझ्या निवृत्तीचे पैसे आजारपणासाठी ठेवले होते. "पैसे आजारपणाला ठेवायचे आणि आजारपण घरी तयार करायचं," हे म्हणाले, "यात हिशोब तरी कुठला?" सोमवारी आम्ही दुकानात गेलो. मंगळवारी सकाळी एसी बसवणारा आला. मी स्टुलाशेजारी उभी राहून लक्ष ठेवलं.

"मिस्तरी, एक बाजू खाली गेलीय. तिरका बसवलात."

"मावशी, तो किंचित तिरकाच बसवतात. पाणी निघून जायला. सरळ बसवला तर तुमच्या पलंगावर गळेल."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा घासला.

दुपारी लेक मुलांना घेऊन आली. चारला निघायचं म्हणून तिनं पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नव्हती. खोलीत शिरली, धाकट्याची पाठ तपासली, भिंतीवरच्या एसीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पाच मिनिटं पडते." मुलं तिच्या दोन बाजूंना आडवी झाली. हे पेपर तोंडावर घेऊन कोपऱ्यात गेले. मला मेलीला दुपारी झोप कसली येते! मी दाराशी बसून राहिले.

चार वाजून गेले, ती उठली नाही. तोंड उघडं टाकून, बापासारखी घोरत होती. धाकट्याचा पाय तिच्या पोटावर होता. उन्हं उतरल्यावर ती दचकून जागी झाली, घड्याळ बघितलं आणि पडल्यापडल्याच नवऱ्याला फोन लावला. मुलं सुट्टी संपेपर्यंत इथेच राहतील म्हणाली. आणि आज मीसुद्धा.

घामाचा पैसा असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत त्यात अतिशयोक्ती काही नाही. एवढी वर्षं रुळापुढे उभी राहून जो साठवला, तो या चौघांना एका बंद खोलीत घाम न येता झोपता यावं म्हणून खर्च झाला.