मागच्या गेटवरचे भोईरदादा

साजगावच्या त्या पोलाद कारखान्यात मी स्टोअरमध्ये रुजू झाले, त्या सकाळी गेटवरच्या वॉचमनने माझं नाव, गाव, गाडीचा नंबर लिहून घेतला आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, "मॅडम, तुमचे सण कोणते?"

माझं नाव सरोज गायकवाड. या नावावरून कोणाला काही कळत नाही आणि आपणहून सांगायची मलाही सवय नव्हती. मी जरा घुटमळले. तेव्हा ते म्हणाले, "जातधर्म इचारत नाय मी. सण ठाऊक असला म्हंजे त्या दिवशी बोलायला बरं." मी नाताळ म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टेंपोकडे वळले.

हे दत्ताराम भोईर. खालापूरजवळच्या गावात त्यांची थोडी भातशेती होती. कपाळावर ठसठशीत गंध, इस्त्रीचा खाकी शर्ट, आवाज खणखणीत. कारखान्यात खोपोली-कर्जतची माणसं होती तशी बिहारची, बंगालची, केरळचीही होती. भोईरदादांना प्रत्येकाचा सण पाठ असे. गेटजवळच्या काळ्या फळ्यावर ते त्या दिवशी खडूने शुभेच्छा लिहीत आणि ज्याचा सण त्याला थांबवून तोंडानेही देत. मोबाइलवरचे फुलांचे निरोप त्यांना मुळीच पटत नसत. "बोट लावलं नि शंभर जनांना गेलं," ते म्हणत, "त्यातलं माज्यासाठी किती आलं?"

नोकरीच्या पहिल्या वर्षी गुड फ्रायडेला एका सुपरवायझरने मला मोठ्या उत्साहाने 'हॅपी गुड फ्रायडे' म्हटलं. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. भोईरदादांनी मात्र त्या दिवशी फक्त हात जोडले. सोमवारी मला थांबवून म्हणाले, "शुक्रवार तुमचा दुःखाचा. काल ईस्टर, आनंदाचा झाला, म्हनून आज बोलतो." हे त्यांना कसं ठाऊक, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी आपलीच फजिती सांगितली. पूर्वी एकदा त्यांनी क्रेन चालवणाऱ्या इस्माईलभाईंना मोहरमच्या शुभेच्छा दिल्या होत्या. इस्माईलभाईंनी हळूच सांगितलं की हा शुभेच्छांचा दिवस नव्हे. दादा इतके ओशाळले की दुपारी चहा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं विचारून घेतलं. "इचारन्यात लाज नाय," ते मला म्हणाले, "ठोकून देन्यात हाय."

स्वतःच्या देवाधर्माचे ते कडक होते. एकदा ईद शनिवारी आली. शनिवार त्यांच्या उपासाचा. इस्माईलभाईंनी शीरखुर्मा आणला, तर दादांनी तो डब्यात घालून घरी नेला, रविवारी खाल्ला आणि सोमवारी खजूर जास्त पडल्याचं न चुकता कळवलं.

पुढे एका वर्षी जवळच्या गावात कुठल्याशा फलकावरून भांडण झालं आणि त्याची धग कारखान्यातही आली. ईदच्या सकाळी कंत्राटावरच्या चार मुलांनी फळ्यावरची शुभेच्छा पुसून टाकली. भोईरदादांनी ती पुन्हा लिहिली. मी तेव्हा गेटमधून आत येत होते. चौघांतला पुढचा, कुंभिवलीचा विनायक, म्हणाला, "दादा, तुमी आपले ना? मग त्यांचं कशाला लिवता?"

दादांनी खडू खिशात ठेवला. "आपला हाय म्हनून तर लिवतो. आपल्याच सनाच्या शुभेच्छा आपन आपल्याला देतो का रं?"

त्या चौघांनी मग दादांची तक्रार केली. एचआरचे नवे साहेब सावध माणूस. त्यांनी फळ्यावर सगळ्याच सणांच्या शुभेच्छा बंद केल्या आणि दादांची बदली मागच्या गेटवर केली. तिथून फक्त भंगाराचे ट्रक जात. पत्र्याची केबिन, पलीकडे डोंगराचा उतार, माणूस दिसायची मारामार. निवृत्तीला वर्षही राहिलं नव्हतं. मला फार संताप आला. मी अर्ज लिहून देते म्हणाले. दादा शांतपणे म्हणाले, "फळा कंपनीचा हाय, मॅडम. तोंड माजं हाय."

बकरी ईदच्या दिवशी पाळी सुटल्यावर इस्माईलभाई मुख्य गेटने बाहेर गेलेच नाहीत. भट्टीला वळसा घालून मागच्या गेटला गेले, दादांच्या गळ्यात पडले आणि तिथूनच बाहेर पडले. मग तो रस्ताच पडला. ज्याचा सण, तो मागच्या गेटने घरी. पाव किलोमीटरचा फेरा, चिखल तुडवत.

गणपतीत भोईरदादा कुंभिवलीला विनायकच्या घरी दर्शनाला गेले. हे मला नंतर विनायकनेच सांगितलं. दादा आरतीला उभे राहिले, त्याच्या आईने दिलेले मोदक खाल्ले, सणाचं बोलले आणि निघाले. फळ्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," विनायक म्हणाला. विसर्जन झाल्यावर तो एकटाच साहेबांकडे गेला. पुसणारे आम्ही आणि शिक्षा दादांना, हे बरोबर नाही, असं त्याने सांगितलं. बाकीचे तिघे गेले नाहीत. त्यातला एक तर अजूनही विनायकशी बोलत नाही. पण दसऱ्याला फळा पुन्हा सुरू झाला आणि दादांना मुख्य गेटवर बोलावणं आलं. त्यांनी ते नाकारलं. आता माणसं इथे यायला शिकली आहेत, मी कशाला हलू, असं त्यांचं म्हणणं. छटपूजेला बिहारची मुलं तिथे ठेकुआचा गोड प्रसाद घेऊन गेली. नाताळला मी केक घेऊन गेले.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ते निवृत्त झाले. साहेबांनी मुख्य गेटवर टेबल मांडून शाल, श्रीफळ, हार असा रीतसर बेत केला होता. दादांना निरोपही गेला होता, पण त्यांची ड्युटी पाच वाजेपर्यंत होती आणि पाचच्या आधी ते गेट सोडणार नव्हते. पाळी साडेचारला सुटली. सगळा कारखाना मागच्या बाजूला वळला. इस्माईलभाई, बंगाली वेल्डर, स्टोअरमधल्या आम्ही बायका, आणि सगळ्यांच्या मागे विनायक. पत्र्याच्या केबिनभोवती उभं राहायला जागा उरली नाही. भोईरदादा एकेकाचा हात धरत होते आणि सोडत होते.

"आज कोनाचाच सन नाय," ते शेवटी म्हणाले, "तरी आलात."

पाच वाजायला आले तेव्हा भट्टीच्या वळणावर साहेब दिसले. रिकाम्या टेबलापाशी थांबून थांबून ते निघाले असावेत. एका हातात शाल, दुसऱ्या हातात नारळ, बुटांना लाल माती. गर्दीने वाट करून दिली. भोईरदादा दोन पावलं पुढे झाले आणि त्यांनीच आधी हात जोडले.

"या साहेब," ते म्हणाले. "बरं झालं, हिकडून आलात."